पोपलीची नोकरी आणि बारावीचं इकॉनॉमिक्स

दिनकर खांबेटे यांनी आयुष्यात स्वतःहून घेतलेले निर्णय फार थोडे. लग्न आईने ठरवलं, दिल्लीची बदली सरकारने ठरवली, आणि सरकारी क्वार्टर सोडून गुडगावच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घ्यायचं वृंदाताईंनी ठरवलं. त्यामुळे जानेवारीतल्या एका संध्याकाळी "अवनीला इकॉनॉमिक्स मीच शिकवणार!" हे वाक्य घरात ऐकू आलं, तेव्हा मायलेकींनी आधी टीव्हीकडे बघितलं. तो बंद होता.

कारण प्री-बोर्डचं. अवनी बारावीला होती, कॉमर्सला. बाकी विषयांत पोरगी बरी होती, पण इकॉनॉमिक्समध्ये शंभरापैकी एकोणीस. मार्चमध्ये बोर्डालाही हेच झालं, तर कॉलेज नाही आणि वर्ष गेलं. वृंदाताईंनी सरळ उपाय सुचवला होता. शेजारच्या भसीनांची सलोनी अवनीच्याच वर्गात. ती जाते त्या सरांकडे हिलाही पाठवू.

"ट्यूशन? माझ्या मुलीला?" दिनकरराव उसळले. "अगं, देशाचं अख्खं उदारीकरण माझ्या टेबलावरून गेलंय!"

हे खोटं नव्हतं. दिनकरराव ज्या खात्यात सेक्शन ऑफिसर होते ते खातं कारखानदारांना परवाने द्यायचं. दहा वर्षांपूर्वी सरकारने परवानेच बंद केले. खातं बंद करायचं मात्र राहून गेलं. (तसा प्रस्ताव निघाला होता, पण त्यावर टिपणी कुणी लिहायची हे अजून ठरत होतं.) तेव्हापासून दिनकरराव रोज सकाळी डबा घेऊन, दोन बस बदलून ऑफिसला जात आणि संध्याकाळी थकून घरी येत. कशाने थकत, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तर त्यांनी चक्क अर्जित रजा टाकली आणि शिकवायला बसले. पहिल्याच दिवशी अडचण आली. त्यांचं बी.कॉम. सांगलीचं, मराठी माध्यमाचं. त्यांनी घसा साफ करून सुरुवात केली, "घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त..."

"बाबा, हे संस्कृत आहे का?"

"अगं, मराठी आहे!"

"यार बाबा, मग हिंदीत सांगा ना."

दिनकररावांनी इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यात एकमेकांना छेदणाऱ्या रेघा होत्या. पुस्तक त्यांनी उलटं धरून पाहिलं, तरी रेघा तशाच छेदत होत्या. शेवटी ते कंटाळून सोफ्यावर बसले, आणि समोर अवनीची लाडकी मालिका सुरू झाली.

'साहब राउंड पर हैं' नावाची ती ऑफिसातली विनोदी मालिका. मेहरोत्रा नावाचे बॉस, पोपली नावाचा गरीब क्लार्क, मिस परेरा नावाची स्टेनो, आणि कुणीही काम न करणारं एक ऑफिस. अवनी एकही भाग चुकवत नसे. व्हीसीआरवर तिने सगळे भाग टेप करून ठेवले होते आणि संवाद तिला पाठ होते. त्या क्षणी दिनकररावांच्या डोक्यात वीज चमकली. (गुडगावात वीज चमकण्याचा तेवढाच प्रसंग.) मुलीला मालिका पाठ आहे ना? मग इकॉनॉमिक्स मालिकेतूनच शिकवायचं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी समोशाचा भाग लावला आणि मध्येच थांबवला.

"बघ हं. कँटीनमध्ये समोसा एकच उरलाय आणि खाणारे चार. म्हणजे पुरवठा कमी, मागणी जास्त. आता काय होणार?"

"मेहरोत्रा साहब येऊन खाऊन टाकतात."

"ते नंतर! आधी भाव वाढणार."

"नाही वाढत बाबा. पैसे पोपली देतो आणि समोसा साहेब खातात. त्याला काय म्हणतात?"

दिनकररावांनी पंख्याकडे बघितलं. "त्याला... कर म्हणतात," ते म्हणाले. "पण कर पुढच्या धड्यात आहे."

मग आला गुलाबजामांचा भाग. पुस्तकात म्हटलं होतं, एखादी वस्तू माणूस एकामागून एक खात गेला की प्रत्येक नगाचं समाधान आधीच्यापेक्षा कमी होतं. मेहरोत्रा साहेब मात्र प्रत्येक गुलाबजामाला अधिकाधिक खुश होत गेले आणि शेवटी त्या आनंदात त्यांनी पोपलीला बढती देऊन टाकली. "मग नियम चुकला ना?" अवनीने विचारलं. दिनकररावांनी ठरवलं, नियम घरीच सिद्ध करून दाखवायचा. रविवारी पुरणपोळ्या होत्या. एकेक पोळी संपवून ते अवनीला समाधानाचा आकडा सांगू लागले. आकडा काही खाली येईना. ते घाबरले. मालिका बरोबर आणि पुस्तक चूक निघालं तर बोर्डात लिहायचं काय? दुपारनंतर मात्र सगळे नियम एकदमच लागू झाले, आणि वृंदाताईंना ओव्याचा अर्क काढावा लागला.

वृंदाताई एका शाळेत ग्रंथपाल होत्या. दिवसभर पुस्तकं जागच्या जागी लावून त्या घरी येत, तेव्हा घरातली एकही गोष्ट जागेवर नसे. "शिकवण्याचं मला काही कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण पोरगी नापास झाली ना, तर तुम्ही आणि तुमचा पोपली माझ्यासमोर येऊ नका."

एवढं ऐकल्यावर माणूस ईर्ष्येला पेटणारच. त्यात फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, ऐन धड्याच्या वेळी, लाइट गेली. सोसायटीच्या जनरेटरवर प्रत्येक घराला एक दिवा आणि एक पंखा मिळे. टीव्ही चालत नसे. सगळी सोसायटी नेहमीप्रमाणे बाल्कन्यांमध्ये आली. दिनकररावांचं चित्त मात्र धड्यावर. धडा होता कामगारांच्या मागणीचा: मालाची मागणी घटली की माणसांचीही मागणी घटते. मालिकेत नेमका पोपलीला नोकरीवरून काढतात तो भाग होता.

"टीव्ही नाही तर नाही," दिनकरराव उभे राहिले. "मी करून दाखवतो."

"बाबा, प्लीज नको."

पण सांगलीला गॅदरिंगमध्ये काम केलेला माणूस तो. (काम पडदा ओढण्याचं होतं, पण रंगभूमीशी संबंध होता.) त्यांनी बाल्कनीच्या दारात उभं राहून मेहरोत्रांचा आवाज काढला.

"कंपनी का माल नहीं बिक रहा! हमें अब आप की जरूरत नहीं है! कल से मत आइए!"

मग पटकन वळून पोपली झाले. मालिकेतला पोपली पुढे काय म्हणतो ते त्यांना आठवेना, म्हणून सुचेल ते बोलू लागले आणि बोलता बोलता रंगले. "ऐसा मत कीजिए साहब! बीस साल की नौकरी है! अभी अभी फ्लॅट लिया है! घर में जवान लडकी है, बारहवीं में है!" आणि मग पोपली ढसाढसा रडला. इतका छान रडला की दिनकररावांचे स्वतःचेच डोळे भरून आले.

पोपलीला पुढच्या भागात परत घेतात, ते का, असं अवनीने विचारलं. दिनकररावांनी लगेच धडा संपवला. शेजारच्या बाल्कनीत भसीन कुटुंब हातातले चहाचे कप तसेच धरून बसलेलं होतं, हे अंधारात त्यांना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भसीन आले. मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते पर्सोनेलचं काम पाहत. मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. आज मात्र आवाज खाली होता.

"खांबेटेजी, सुना. बहुत अफसोस हुआ."

सलोनीने अवनीचे मार्क सांगितलेले दिसतात, असं दिनकररावांना वाटलं. "अब क्या करें भसीनसाहब. दोष हमारा ही है. ध्यान नहीं दिया."

"अरे, आप जैसे आदमी का क्या दोष! जमाना ही खराब है. हमारे मानेसर में पिछले महीने चालीस लोग गए. एक ही दिन में."

"चालीस!" मानेसरच्या शाळेची ही अवस्था दिनकररावांना ठाऊक नव्हती. "सब इकॉनॉमिक्स में?"

भसीनांनी उसासा टाकला. "सब इकॉनॉमिक्स का ही तो चक्कर है जी. भाभीजी को मालूम है?"

"मालूम है. नाराज है. मुझसे बोलती है, सामने मत आओ."

भसीनांनी त्यांचा हात हातात घेतला. "दिल छोटा मत कीजिए. आगे का क्या सोचा है?"

"घर में बैठकर मेहनत करेंगे. मार्च तक तो कोशिश करनी है."

"बिल्कुल, बिल्कुल. पर घर में ज्यादा मत बैठिए, आदमी टूट जाता है. मेरे यहां टाइम ऑफिस में, हाजिरी लिखने की, एक जगह है. आप कहें तो बात करूं?"

मुलगी अजून नापासही झालेली नाही आणि हा तिला कारखान्यात चिकटवायला निघाला! दिनकररावांना राग आला, पण माणूस भला होता. "अभी उमर ही क्या है," ते म्हणाले. "पहले कॉलेज तो करने दीजिए."

भसीन बराच वेळ त्यांच्या टकलाकडे बघत राहिले. मग डोळे पुसत निघून गेले. जिन्यात ते बायकोला सांगत होते, "दिमाग पर असर हुआ है बेचारे के."

त्या दिवसापासून दिनकररावांना जगाचं काही कळेनासं झालं. दुपारी कुणीतरी राजमा आणून दिला, संध्याकाळी कुणी कढी. वॉचमन आजवर कधी उठत नसे, तो उठून सलाम करू लागला आणि "सब ठीक हो जाएगा साहब" म्हणू लागला. घरी आल्यावर वृंदाताई विचारत, "हे डबे कुणाचे?" दिनकरराव सांगत, "लोकांचे." "पण का?" "चांगली वस्ती आहे."

सगळ्यात मोठा बदल झाला अवनीत. आदल्या आठवड्यापर्यंत ढकलल्याशिवाय पुस्तक न उघडणारी मुलगी पहाटे उठून अभ्यास करू लागली. मालिका बघणं बंद. नव्या ड्रेसचा हट्ट बंद. एकदा तर तिने दिनकररावांचा शर्ट इस्त्री करून ठेवला. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बरं नाही का बाळ तुला?"

"मी ठीक आहे बाबा. तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी आहे ना."

"आज पोपलीचा पगारवाढीचा भाग लावू या का? त्यात महागाईचा मुद्दा फार छान..."

पोपलीचं नाव काढताच तिचे डोळे भरले. "नको बाबा. मी बुकमधून करते. सलोनी समजावते मला. तुम्ही आराम करा." आणि दारातून परत वळून म्हणाली, "कॉलेजबरोबर मी जॉबपण करीन."

दिनकररावांनी रात्री वृंदाताईंना विजयाने सांगितलं, "बघितलंस? पद्धत लागू पडली! हल्ली मला शिकवावंसुद्धा लागत नाही."

"तेच म्हणते मी," वृंदाताई म्हणाल्या.

बोर्डाचा पेपर दोन दिवसांवर आला आणि सोसायटीची मीटिंग भरली. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सोसायटीचे अध्यक्ष गुलाबराव हे इथले दुसरे मराठी गृहस्थ, निवृत्त इंजिनीअर. विषय एकच होता: सेक्रेटरी कुणी व्हायचं? पाण्याचे टँकर मागवायचे, जनरेटरचं डिझेल आणायचं, सगळ्यांच्या शिव्या खायच्या, असलं ते पद. आजवर ज्याला ज्याला विचारलं त्याला त्याला त्याच क्षणी मानेसरला जायचं असे. आज मात्र सगळे वळून दिनकररावांकडे प्रेमाने बघत होते.

"दिनकरराव," गुलाबराव मऊ आवाजात म्हणाले, "सध्या तुम्ही घरीच असता ना?"

"हो, घरीच."

"मग घ्या हे काम. तेवढंच मन रमेल."

टाळ्या झाल्या. भसीनांनी गळ्यात हार घातला. (हार कुणी आणि कधी आणला होता, कोण जाणे.) "ऐसे वक्त में बिजी रहना अच्छा है," ते म्हणाले. "नौकरी का क्या है, गई तो गई."

"किस की गई?" दिनकररावांनी विचारलं.

सगळे खाली बघू लागले. मग हळूहळू सगळा प्रकार दिनकररावांच्या ध्यानात आला. ते हारासकट उभे राहिले. "मेरी नौकरी पक्की है! वह तो मैं बेटी को पढा रहा था! वह पोपली था!"

"हां जी, हां जी, पोपली था," भसीन घाईने म्हणाले आणि त्यांनी पाणी मागवलं.

"मैं छुट्टी पर हूं! पेपर होते ही ऑफिस जाऊंगा! रोज जाऊंगा!"

गुलाबरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मला कंपनीने वेळेआधी घरी बसवलं ना दिनकरराव, तेव्हा मीही वर्षभर हेच सांगत होतो. डबा घेऊन निघायचो आणि पार्कात बसायचो. मनाला लावून घेऊ नका."

दिनकरराव हार आणि जनरेटरच्या खोलीची किल्ली घेऊन घरी आले. झालेलं सगळं त्यांनी वृंदाताईंना सांगितलं. त्या आधी हसल्या, मग एकदम थांबल्या. "अवनीला कळलं तर? परवा पेपर आहे पोरीचा. घाबरून जाईल."

"तिला यातलं काही कळता कामा नये," दिनकरराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना मनापासून भीती वाटली. बंद दाराआड पोरगी मोठ्याने धडे म्हणत होती. एवढी मेहनत तिने जन्मात केली नव्हती. आपल्या नाटकापायी तिचं वर्ष गेलं तर स्वतःला माफ करता येणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्या दोन दिवसांत त्यांनी तिच्यासमोर नोकरी, ऑफिस, सरकार यांतला एक शब्द उच्चारला नाही. अवनी ते सगळं बघत होती आणि जास्तच अभ्यास करत होती.

पेपर झाला. दिनकरराव रजा संपवून पुन्हा डबा घेऊन निघू लागले. गेटवर वॉचमन हळहळत सलाम करी, भसीन तोंड फिरवून रुमाल काढत, आणि अवनी बाल्कनीत उभी राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राही.

निकाल लागला. अवनी पास झाली आणि इकॉनॉमिक्समध्ये चक्क चौऱ्याहत्तर. दिनकररावांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले आणि भेटेल त्याला 'मालिकेतून इकॉनॉमिक्स' ही स्वतःची पद्धत समजावली. दर रविवारी मोफत क्लास काढायचंही जाहीर केलं. घरी येऊन उरलेला बॉक्स त्यांनी डब्याच्या पिशवीत ठेवला.

"उद्या ऑफिसात वाटतो."

अवनी त्यांच्याजवळ येऊन बसली. तिने त्यांचा हात धरला. "बाबा, आता बस झालं. मला सगळं माहीत आहे. उद्यापासून पार्कात जाऊ नका."

"कुठल्या पार्कात?"

"तुम्ही रोज जाता त्या. नोकरी गेली म्हणून कोणी लहान होत नाही. मला कोणाचीच लाज वाटत नाही बाबा, बिल्कुल नाही."

दिनकररावांनी तिच्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारात आलेल्या वृंदाताईंकडे बघितलं, आणि खिशातून आपलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यावर चालू वर्षाचा शिक्का होता. सगळा खुलासा व्हायला बराच वेळ लागला, कारण मध्ये मध्ये तिघंही हसत होती आणि अवनी थोडी रडतही होती.

"पण अगं, भसीन म्हणाले आणि तू विश्वास ठेवलास? मला विचारायचंस तरी!"

"मालिकेत पोपली असं बोलतच नाही, आणि तुम्ही तर खरंच रडलात. विचारलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. मी तुमच्या ऑफिसला फोन केला."

"मग? रजेवर आहेत म्हणून सांगितलं नाही कोणी?"

"मी म्हटलं, खांबेटे साहब हैं? ते म्हणाले, कौन? मग त्यांनी मागे ओरडून विचारलं. कोणीतरी म्हणालं, वह तो गए, बहुत दिन हुए, उन की मेज पे तो अब कॅरम लगता है. मग मला विचारलं, बेटा, कोई काम रुका है क्या? मी म्हटलं, पता नहीं. तर ते म्हणाले, हमारा तो कुछ नहीं रुका."

कॅरमचा बोर्ड परत उचलायला रुजू झाल्यावर दोन दिवस लागले होते, हे दिनकररावांनी घरी सांगितलेलं नव्हतं.

"आणि बाबा, गंमत म्हणजे पेपरात तोच प्रश्न आला. छुपी बेरोजगारी म्हणजे काय, एक्झाम्पल द्या. सलोनीने शेतावरचे लोक लिहिले. मी लिहिलं, एका सरकारी ऑफिसातून एक माणूस काढला तरी तिथलं काम जेवढं होतं तेवढंच राहिलं, म्हणजे तो आधीपासूनच बेरोजगार होता. पूर्ण पान लिहिलं. बाकी सगळं पाठ केलं होतं, पण हे एकच असं होतं की जे मला खरंच समजलं."

"नाव लिहिलंस?" दिनकररावांचा आवाज चिरकला.

"नाव कशाला? फक्त सेक्शन ऑफिसर लिहिलं."

दिनकररावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दिल्लीत सेक्शन ऑफिसर पुष्कळ होते.

वृंदाताईंनी पेढ्यांचा बॉक्स पिशवीतून काढून फडताळात ठेवला. "ऑफिसचं जाऊ दे. हे दोन महिने घरात होते. घरात एक माणूस वाढला, आणि काम कमी व्हायचं सोडून माझं दुप्पट झालं. त्याला काय म्हणतात गं तुझ्या पुस्तकात?"

अवनी आठवू लागली. तिला आठवेना.

"ऋण सीमान्त उत्पादकता," दिनकरराव चटकन म्हणाले. "म्हणजे माणूस वाढला, तर उत्पादन उलट घटतं."

अवनीने पुस्तक उघडून पाहिलं. उत्तर बरोबर होतं.